गारुड्याची टोपली, जादूगाराचा मंच

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘मुस्लीम मदारी, गारुडी, सापवाले व जादूगार’ अशी एक नोंद आहे. हिंदू गारुडी त्याच यादीत वेगळे नोंदलेले आहेत. यादी वाचताना डोळा या नोंदीवरून सहज पुढे सरकतो. पण थोडे थांबून विचार केला तर जाणवते की, येथे ‘जादूगार’ हा शब्द एका जमातीचे नाव म्हणून आलेला आहे. म्हणजे माणूस जादूगार म्हणून जन्माला येतो, जादूगार म्हणून मरतो आणि मधल्या काळात तहसीलदाराकडून जादूगार असल्याचा दाखला मिळवण्याची खटपट करतो.

याच महाराष्ट्रात, मुंबईला, ‘सोसायटी ऑफ इंडियन मॅजिशियन्स’ या नावाची संस्थाही आहे. अशा संस्थांत डॉक्टर असतात, वकील असतात, बँकेतले कारकून असतात. आठवड्याचे किंवा महिन्याचे एकत्र जमणे असते, पत्त्यांचे नवे डाव एकमेकांना दाखवणे असते, वर्षातून एखादा जाहीर प्रयोग असतो. येथेही सभासद स्वतःला जादूगारच म्हणवतो. पण घरी परतल्यावर तो पुन्हा डॉक्टर होतो, वकील होतो. त्याच्या मुलाला शाळेत कोणी जादूगार म्हणून मागच्या बाकावर बसवत नाही.

शब्द एकच असताना एकाच्या बाबतीत तो छंद कसा झाला आणि दुसऱ्याच्या बाबतीत जात कशी झाली, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. जादूच्या कलेवर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले, ते बहुधा मंचावरच्या जादूगाराविषयी आहे. ज्याच्या झोळीतून ही कला मंचावर गेली, त्याच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. त्याला लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी त्याचा खेळ पाहिला, पैसा टाकला आणि ते घरी गेले.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा हे गाव आहे. नांदेड आणि हिंगोली यांच्या मधला हा पट्टा केळीचा आणि हळदीचा. अशा गावाला जादूगारांचा क्लब कुठला? येथे जादू पायी आली. बाजाराच्या दिवशी डुगडुगी वाजायची आणि मोकळ्या जागेत माणसांचा गोल उभा राहायचा. निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात गारुड्याची बोली दखनी हिंदीच असायची. ‘जमूरे’ म्हणून तो हाक मारी, आणि ‘हाँ उस्ताद’ म्हणून चिंधीखालून पोराचा आवाज येई. आमच्या पिढीतल्या अनेकांनी आयुष्यात पाहिलेले पहिले नाटक हेच. त्याला पडदा नव्हता, तिकीट नव्हते, आणि गोलात उभे राहताना कोणी कोणाची जात विचारीत नव्हते. निदान खेळ चालू असेपर्यंत तरी नाही.

त्याचे सामान तरी काय असायचे? तीन वाट्या, काही कापडी गोळे, एक टोपली, एक चादर, सुरी, पुंगी आणि एक नाग. वाट्यांचा खेळ जगातल्या अतिशय जुन्या खेळांपैकी एक. प्रेक्षक जेवढे गोळे मोजतो त्याहून एक गोळा गारुड्याच्या बोटांच्या मुळाशी दडलेला असतो, हेच त्याचे सगळे रहस्य. पण हे रहस्य कळल्याने खेळ येत नाही. मंचावरचा जादूगार प्रेक्षकांपासून वीस फुटांवर उभा असतो, त्याच्या पाठीशी काळा पडदा आणि बाजूला दिव्यांची सोय असते. गारुडी चारी बाजूंनी वेढलेला असतो, उन्हात असतो, उकिडवा बसलेला असतो, आणि त्याच्या दंडाशी गावातले सर्वांत टारगट पोर उभे असते. या परिस्थितीत एक गोळा लपवणे ज्याला साधते, त्याची बोटे किती वर्षे घासली गेली असतील याची कल्पना करावी.

टोपलीचा खेळ अधिक नाट्यपूर्ण. पोराला टोपलीत बसवायचे, वर चादर टाकायची, पोर कुरकुरते म्हणून उस्तादाने चिडायचे आणि टोपलीत आरपार तलवार खुपसायची. बायका ओरडत, काही जण मागे सरत. मग चादर निघे आणि पोर हसत बाहेर येई. टोपलीचे तोंड अरुंद आणि पोट फुगीर असते. पोर आतल्या कडेने सापासारखे वेटोळे करून पडते आणि तलवार ठरलेल्या जागांतूनच जाते. यासाठी पोर लहान लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोड लागते. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरचे मूल त्या टोपलीत मावणार नाही. उपासमार हेही या खेळाचे एक साधन होते, असे म्हणावे लागते.

गारुड्याचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. मुंगूस आणि नागाची झुंज दाखवतो असे सांगून तो तासभर लोकांना खिळवून ठेवायचा. मुंगूस खुंटीला बांधलेलेच राहायचे आणि शेवटी निघायचे ते ताईत. गोल मोडून जाणाऱ्याला तो शापाची भीतीही घालायचा. पोराचे बालपण टोपलीत गेले त्याचाही हिशोब मांडला पाहिजे. तरीही एक गोष्ट तो बहुधा सांगून टाकी. पोटावर हात मारून तो म्हणे की हे सगळे यासाठी. हातचलाखी आहे, देव अंगात आलेला नाही, याची कबुली त्याच्या खेळातच असायची. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

‘गारुडी’ या शब्दाची नाळ गरुडाशी आहे. सापाचे विष उतरवणारी ती गारुडी विद्या. जादूला ‘इंद्रजाल’ असे भारदस्त नाव देणाऱ्या परंपरेने या माणसाचा दृष्टांत म्हणून भरपूर उपयोग करून घेतला. आद्य शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी येतो. चढताना दिसणारा मायावी भासमान असून खरा मायावी जमिनीवर उभा आहे, असे आचार्य सांगतात. ब्रह्म आणि माया यांचा भेद समजावण्यासाठी दृष्टांत उत्तमच आहे. परंतु जमिनीवर उभा असलेला तो खरा मायावी कोण, कोणत्या वस्तीत राहतो, त्याला विहिरीवर पाणी भरू देतात की नाही, हा प्रश्न भाष्याला पडत नाही. पुढे पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, महार यांच्याबरोबर गारुड्यालाही बोलते केले. नाथांची करुणा मान्य करूनही हे नमूद करावे लागते की, भारुडातला गारुडी अध्यात्म सांगून गेला आणि बाजारातला गारुडी संध्याकाळी गावाबाहेरच्या पालातच परतला.

अध्यात्मानंतर या खेळाला गिऱ्हाईक मिळाले ते साहेबाचे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानी खेळकरी लंडनला पोचले. त्यांत तलवार गिळणारा रामो सामी फार गाजला. हिंदी खेळकऱ्यांवर हॅझलिटसारख्या निबंधकाराने निबंध लिहिला. पण रामो सामी १८५० साली वारला तेव्हा अंत्यविधीसाठी त्याच्या पत्नीला मदतीची जाहीर याचना करावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४९ मध्ये, चार्ल्स डिकन्स यांनी चेहऱ्याला काळा रंग फासून, ‘ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस’ असे काहीतरी पौर्वात्य नाव घेऊन, मित्रमंडळींसमोर जादूचे प्रयोग केले होते. १८६५ साली लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये स्वतःला कर्नल म्हणवणाऱ्या स्टोडारेने टोपलीचा खेळ ‘हिंदी टोपली’ म्हणूनच मंचावर आणला. टोपली मंचावर गेली, चेहऱ्याचा काळा रंग मंचावर गेला. ज्याची टोपली होती तो मात्र रस्त्यावरच राहिला.

दोरीच्या जादूची कथा तर आणखी विलक्षण आहे. १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने ती प्रत्यक्ष पाहिल्याची बातमी छापली आणि चार महिन्यांनी ती बनावट असल्याची कबुली दिली. कबुली कोणी वाचली नाही. १९०५ साली लंडनला स्थापन झालेल्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या प्रसिद्ध क्लबने १९३४ मध्ये ही जादू करून दाखवणाऱ्यास ५०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाही मिळाले नाही. गोऱ्यांनीच रचलेल्या बातमीचा पुरावा हिंदी गारुड्याकडे मागायचा आणि तो देत नाही म्हणून त्याला लबाड ठरवायचे, असा हा न्याय होता. दिल्लीच्या रस्त्यावर वाढलेल्या इशामुद्दीन खान यांनी १९९५ साली कुतुबमिनारजवळ उघड्यावर दोरीचा खेळ करून दाखवला. ते ज्या कठपुतली कॉलनीतले, ती कलावंतांची वस्ती २०१७ साली पाडण्यात आली.

येथे क्लब या वस्तूविषयी थोडे बोलले पाहिजे. क्लब रहस्य जपतो. मॅजिक सर्कलचे सभासद रहस्य न फोडण्याची शपथ घेतात, आणि १९९१ पर्यंत त्या क्लबने स्त्रियांना सभासद करून घेतले नव्हते. जमातही रहस्य जपते. बाप मुलाला सांगतो, बाहेरच्याला सांगत नाही. वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण क्लबात रहस्य ही सभासदाची मालमत्ता असते, जमातीत ती उद्याची भाकरी असते. क्लबातून राजीनामा देऊन बाहेर पडता येते. जमातीतून कोणाकडे राजीनामा द्यायचा? गारुड्याचा खेळ उचलून नेणाऱ्याला, मग तो लंडनचा असो की आमच्या शहरांतला वरच्या जातीतला, त्याची जात बरोबर उचलावी लागली नाही, ही या साऱ्या व्यवहारातली मुख्य गोष्ट आहे.

आपल्याकडे मंचावरच्या जादूला प्रतिष्ठा देणाऱ्या माणसांचे कर्तृत्व मला कमी लेखायचे नाही. पी. सी. सरकार (१९१३-१९७१) यांनी १९५६ साली बीबीसीवर मुलीचे दोन तुकडे करण्याचा खेळ केला तेव्हा घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनींचा वर्षाव केला. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४-१९८४) यांनी मराठी मुलांच्या काही पिढ्यांना जादूचे वेड लावले, देशोदेशी प्रयोग केले, आणि त्यांच्या घराण्यात ही कला पुढे चालू राहिली. पण वेशभूषा पाहा. सरकार महाराजांच्या पोशाखात येत, फेटा, तुरा, झळझळीत अंगरखा. इतर अनेक जण साहेबी कोट आणि उंच टोपी घालत. जादूगाराने राजा व्हावे किंवा साहेब व्हावे, गारुडी मात्र दिसू नये. प्रतिष्ठेची ही अट कोणी कागदावर लिहिली नव्हती. लिहिण्याची गरजही नव्हती.

रस्त्यावर राहिलेल्या माणसाच्या वाट्याला काय आले ते पाहण्यासाठी पुन्हा हिंगोलीकडे यावे लागते. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकिकत आहे. टेलर स्वतः त्याच्याशी व्यवहार करीत असे. पुढे तो ठगांचा म्होरक्या निघाला, आणि मारलेल्या व्यापाऱ्याचा माल त्याने छावणीतच उघडपणे विकला होता. ठग किती होते आणि इंग्रजांनी ते किती फुगवले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या भीतीतून कायदा जन्मला. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. कृत्य सिद्ध करण्याऐवजी संबंध सिद्ध केला की झाले. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १९११ आणि १९२४ साली तो अधिक व्यापक झाला आणि स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’. गंमत पाहा, हिंगोलीतला तो म्होरक्या छावणीत दुकान मांडून बसलेला व्यापारी होता. पण संशय कायमचा बसला तो फिरत्या माणसावर.

गारुडी हे विमुक्तांत मोडत नाहीत, भटक्या जमातींत मोडतात. परंतु गावच्या पाटलाने आणि फौजदाराने हा फरक कधी केला? पाल पडले की वर्दी द्यायची, चोरी झाली की पालावर जायचे, ही रीत कायदा रद्द झाल्यावरही चालू राहिली. पालावरचे हे जगणे ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी मराठी वाचकासमोर ठेवले. गारुड्याच्या पोराचे असे आत्मकथन माझ्या वाचनात आलेले नाही.

विमुक्तीनंतर सात वर्षांनी मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकणे अशा बहाण्याने पैसे मागणे म्हणजे भीक. ‘बहाणा’ हा शब्द येथे फार काम करतो. नाट्यगृहात तिकीट काढून पाहिलेला वाट्यांचा खेळ ही कला, आणि तोच खेळ रस्त्यावर पाहून चादरीवर टाकलेला रुपया म्हणजे भीक. फरक खेळात नाही, चार भिंतींत आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्याआधी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी गारुड्याच्या टोपलीतला नाग गेला होता. नागाच्या बाजूने विचार केला तर कायदा योग्यच. दात काढलेला, उपाशी ठेवलेला नाग पाहून ज्याला वाईट वाटले नाही तो माणूस कसला? पण नागाची सुटका करणाऱ्यांनी नागामागे उभ्या असलेल्या माणसाचे काय करायचे, याचा विचार त्याच कागदावर केला नाही.

आता गारुड्याच्या त्या वाक्याकडे वळू, हे सगळे पोटासाठी. कारण जादूचा तिसरा धनी अजून उरला आहे, तो म्हणजे बुवा. हातातून विभूती काढणे, नारळातून केस काढणे, मंत्राने होम पेटवणे, जिभेतून त्रिशूळ आरपार घालणे, हे बुवांचे ‘चमत्कार’ गारुड्याच्या आणि जादूगाराच्या झोळीतलेच आहेत. विभूतीची घट्ट गोळी अंगठ्याच्या बेचक्यात दडवायची आणि चुरगळायची. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतले की थोड्या वेळाने जाळ होतो. अब्राहम कोवूर आणि बी. प्रेमानंद यांनी हे उघडे करून दाखवले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाल्यानंतर, शाळाशाळांतून आणि चावडीवर हे प्रयोग केले आणि लगेच त्यांचे कारणही सांगितले. जादूगारांच्या क्लबाची पहिली अट रहस्य न सांगण्याची. या कार्यकर्त्यांची पहिली अट ते सांगण्याची. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’मध्ये १८५५ साली भोळ्या कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी उभा केला होता, हे काम त्याच परंपरेतले.

मराठवाड्यात या कामाला धार येण्याचे कारण भानामती. येथे ‘जादू’ या शब्दाला दोन फांद्या आहेत. एक बाजारातल्या खेळाची, दुसरी करणीची. अंगावर फुल्या उमटणे, घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, बायकांनी भुंकणे, असे भानामतीचे प्रकार. फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उठवता येतात, हे कार्यकर्त्यांनी दाखवून दिले. पण फुली कोणाच्या नावावर जाते? बहुधा गावकुसाबाहेरच्या घरावर, एकट्या बाईवर, एखाद्या म्हाताऱ्यावर. मंत्र उच्चारता येऊ नये म्हणून संशयिताचे दात पाडल्याच्या घटना तेलंगणात आणि त्याला लागून असलेल्या मुलखात घडल्या आहेत. बुवा जादू करतो तेव्हा त्याच्या पाया पडतात, आणि ज्याने कधीही जादू केली नाही त्याला जादूसाठी मारतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कायद्याच्या नावात ‘जादूटोणा’ आहे. रस्त्यावरचा खेळकरी त्याचे लक्ष्य नाही, हे बरे झाले. ज्याने आपली जादू पोटासाठी असल्याचे कबूल केले, त्याच्याइतका प्रामाणिक जादूगार या तिघांत दुसरा नव्हता.

आज बाजारात डुगडुगी क्वचितच ऐकू येते. फिरस्त्याने अनोळखी गावात शिरणे हेच धोक्याचे झाले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते मूळचे मंगळवेढ्याकडचे. ते गारुडी नव्हते. पण गोल करून उभा राहिलेला जमाव तोच होता, ज्याने एकेकाळी टोपलीत तलवार जाताना श्वास रोखला होता.

गारुड्यांच्या नव्या पिढीने खेळ सोडला असेल तर त्याचे दुःख मला नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हटले, तेव्हा त्या कामातल्या कौशल्याचे काय, असा गळा काढणारेही होतेच. टोपलीतून पोर बाहेर यावे आणि शाळेत जावे. अडचण शाळेच्या दारात सुरू होते. भटक्या जमातींच्या सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात कुटुंबाचे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात होती. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन दीड वर्ष झाले होते. त्या दिवशी या पोराचा आजा डोंगरकड्याच्या बाजारात खेळ करीत असेल, की कळमनुरीच्या वेशीबाहेर पाल ठोकून बसला असेल, हे कोणत्या तलाठ्याने कोणत्या वहीत लिहून ठेवले आहे?